घराचं कार्ड

सूर्यमाळ
१८ जून २०२३

हर्षाली,

तुझं पत्र जीपवाल्या मंगळूने बाजारच्या दिवशी आणून दिलं. सगळ्या पाड्यासमोर. "रघु, तुला मंत्रालयातून आलाय," म्हणाला. पाकिटावर पत्ता टाईप केलेला होता म्हणून. आत पण सगळं टाईपच. सहा वर्षांनी पत्र लिहितेस आणि त्यात काय, "आपण या संशोधनात सहभागी व्हावे ही विनंती." आपण? मी कधीपासून आपण झालो?

तरी तीनदा वाचलं. समजलं ते एवढं : तू ठाण्याला मनुष्यबळ व्यवस्थापनात पीएच.डी. करतेस. कामगार कामाच्या जागी काम कसं शिकतो, हा विषय. वाड्याकडच्या कारखान्यात जाणारे आमच्या भागातले लोक तुला पाहिजेत, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायला पाहिजे. तुझ्या वडिलांनी आपल्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसात कुणाला तरी विचारलं, त्यांनी माझं नाव दिलं. म्हणजे तुला मी आठवलो नाही. ऑफिसला आठवलो.

मी मात्र विसरलो नाही काही. एस.वाय.ला असताना सर भर वर्गात म्हणाले होते, "तुम्ही लोक दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार, मग बाक कशाला अडवता?" मी बाकच उचलून व्हरांड्यात टाकला आणि त्याच पावली घरी आलो. सगळा वर्ग हसला. तू एकटी हसली नव्हतीस. एवढ्यावर माणूस किती वर्षं काढू शकतो, हे तुझ्या पुस्तकात लिहिलंय का?

मी आणि माझा मोठा भाऊ फागू, दोघांना प्लास्टिकच्या झाकणांच्या कंपनीतलं काम येतं. लिहून देईन. पण माझी अट आहे. तू पण हाताने लिहायचं. फोन नको, इथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते आणि कंपनीत मोबाईल गेटवर काढून घेतात.

रघु


ठाणे
२ जुलै २०२३

प्रिय रघु,

घे, हाताने लिहिते आहे. अक्षर बिघडलंय, हसू नकोस. ते टाईप केलेलं पत्र चाळीस जणांना गेलं होतं, म्हणून "आपण". उत्तर फक्त तुझं आलं.

विद्यापीठात मान असेल असं तुला वाटत असेल, तर ऐक. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर मी प्राध्यापक, सुट्टी लागली की कुणी नाही. दर जूनला नवीन मुलाखत. वर्गात मी मुलांना "कर्मचारी संस्थेत टिकवून कसा ठेवावा" हे प्रकरण शिकवते आणि दर एप्रिलला स्वतःचा कप घेऊन घरी येते. कायमच्या जागेसाठी पीएच.डी. हवी, शोधनिबंध हवेत. माझ्या मार्गदर्शक रंजना मॅडम म्हणतात, "पुस्तकातून पुस्तक काढू नकोस, मशीनजवळ जा." कंपनीने मला हजेरीचं रेकॉर्ड बघायला परवानगी दिली आहे. पण रेकॉर्ड बोलत नाही. तू बोल.

पहिल्या दिवशी काय झालं? कुणी दाखवलं? हात कुठे ठेवायचा हे कसं कळलं? बारीकसारीक सगळं लिही. तुला वाटेल यात काय लिहायचं, तेच मला हवं आहे.

हर्षाली


वाडा
२० ऑगस्ट २०२३

हर्षाली,

तू "प्रिय" लिहिलंस. फागू म्हणाला, "पत्रात सगळ्यांनाच लिवतात, वीजबिलावर नाय लिवत एवढाच." त्याला काय कळतंय.

पहिला दिवस सांगतो. ऑफिसात बसवून हिंदीतला एक व्हिडिओ दाखवला. त्यात गोरा माणूस हेल्मेट घालतो आणि हसतो. मग एका कागदावर सही घेतली की ट्रेनिंग झालं. झालं ट्रेनिंग.

खरं काम काशीमावशीने शिकवलं. ती पॅकिंगला बसते, आमच्याच बाजूची. मशीन उघडतं, झाकणं खाली पडतात, पुन्हा बंद होतं. माझं लक्ष डोळ्यांत. ती म्हणाली, "बघतोस काय? ऐक. झाकणाचा आवाज बारीक झाला का साचा तापला समज." मी तीन दिवस नुसता ऐकत होतो. चौथ्या दिवशी मला पाठ फिरवून कळायला लागलं. मग साचा बदलायचं काम. ते कुणी शिकवत नाही, कारण ज्याला येतं त्याचा भाव त्यावरच असतो. मी फिटरच्या मागे चहाचा ग्लास धरून उभा राहायचो. त्याचा चहा थंड होईपर्यंत मी एक बोल्ट शिकायचो. दीड महिना लागला. आता तो सुट्टीवर गेला तर साचा मी बदलतो.

मावशीला म्हटलं, एक पोरगी हे सगळं पुस्तकात लिहिणार आहे. ती म्हणाली, "लगीन झाला का तिचा?" तू सांग, काय सांगू?

तुझा
रघु


ठाणे
११ जानेवारी २०२४

प्रिय रघु,

तुझी पाचही पत्रं मिळाली. रंजना मॅडमनी काशीमावशीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मावशींना सांग, नाही झालं, आणि सध्या माझा थीसिसशीच संसार चालू आहे.

आता एक आनंदाची गोष्ट. रेकॉर्डमध्ये मला सोनं सापडलं! कार्ड क्रमांक सत्तेचाळीस, म्हणजे तुझा फागू. दोन वर्षांत एकही मोठी गैरहजेरी नाही. बाकीचे कामगार आवणीला, भात लावायला, गावी जातात, परत येतात तेव्हा हात बसायला आठवडा जातो. हा गेलेलाच नाही. शिवाय मशीनही चालवतो आणि साचाही बदलतो, दोन्ही कामं, आणि प्रशिक्षणाचा एक दिवससुद्धा नाही. माझं अख्खं चौथं प्रकरण मी "श्रमिक ४७" वर उभं केलं आहे. डोंगरातला दहावी नापास माणूस स्वतःच्या बुद्धीवर काय शिकू शकतो! असा माणूस मी पाहिला नाही. त्याला भेटायचं आहे मला.

तुझं नाव मात्र कुठे सापडलं नाही. दुसऱ्या ठेकेदाराकडे असशील बहुतेक.

हर्षाली


सूर्यमाळ
४ फेब्रुवारी २०२४

हर्षाली,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय आणि न वाचता पाकिटात घालणार आहे.

असा माणूस तू पाहिला नाहीस, म्हणतेस. पाहिलायस. बाक उचलून टाकला तो. साचा मी बदलतो! फागूला साच्याचा बोल्ट कुठल्या बाजूने फिरतो ते पण येत नाही. तो मशीन चालवतो, झकास चालवतो, नाही म्हणत नाही. पण साचा माझा. दीड महिना चहाचा ग्लास मी धरला, आणि तुझ्या प्रकरणात हुशार कोण तर फागू!

कार्ड एक आहे, माणसं दोन आहोत. तो आवणीला येतो तेव्हा मी जातो. त्याची पोर आजारी पडली, मी जातो. मला ताप आला, तो जातो. टोपी आणि तोंडाला मास्क, फोटोतला माणूस कोण बघतो? सुपरवायझरला माहीत आहे. त्याला मशीनमागे माणूस पाहिजे, नाव नको.

आणि आम्ही चोर नाही. आमच्याकडे आवणीला तुझ्या घरातून एक माणूस माझ्या शेतात, माझ्या घरातून एक तुझ्या शेतात. कोण येणार ते कुणी विचारत नाही. आज बाप, उद्या सून, परवा शेंडेफळ. शब्द घराचा असतो, माणसाचा नाही. कंपनीने कार्ड दिलं तेव्हा आई म्हणाली, "घराला काम लागला." फागूला लागलं असं ती म्हणाली नाही. आमच्या पाड्यातली अकरा कार्डं अशीच चालतात. अकरा कार्डांवर वीस-बावीस माणसं जगतात.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुला का सांगितलं, ते तुला कळत नसेल तर तुझी पीएच.डी. जाळ.

रघु


ठाणे
१० मार्च २०२४

प्रिय रघु,

पत्र वाचलं. नऊ महिन्यांचं काम, नव्वद पानं, आणि तो माणूसच नाही! तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मीच बाक उचलला असता. आधी का नाही सांगितलंस? प्रत्येक पत्रात मला "पुढे काय विचारशील" म्हणत होतास, आणि मी विचारत राहिले.

मग रडून झाल्यावर रंजना मॅडमकडे गेले. वाटलं, प्रकरण फेकायला सांगतील. त्या म्हणाल्या, "अगं, विषय आता सुरू झाला. सगळी व्यवस्थापनशास्त्राची पुस्तकं एका माणसाला एक नोकरी धरून चालतात. ही माणसं नोकरी घराला देतात. हे कुणी लिहिलेलं नाही."

मला तिकडे यायचं आहे. आवणीच्या वेळी. येऊ?

हर्षाली


सूर्यमाळ
१५ जुलै २०२४

हर्षाली,

तू जाऊन सहा दिवस झाले. फोनची वाट बघत टेकडीवर बसतो, मग आठवतं, अट मीच घातली होती.

तुला लिहितोय कारण बोलायचं राहिलं. सगळा दिवस तू चिखलात उभी राहिलीस. पहिला हात लावलास तेव्हा बाया हसत होत्या. रोप मुठीत नांगरासारखं धरलं होतंस. दुपारी चैतीवहिनीने ओळ सरळ कशी ठेवायची दाखवलं, आणि संध्याकाळी तुझी ओळ फागूपेक्षा सरळ होती. आई म्हणाली, "पोरीचा पाय चिखल वळखतो." माझी आई कुणाचं कौतुक करत नाही, माझं तर जन्मात नाही. तू नागलीची भाकर मोडून खाल्लीस आणि परत मागितलीस. जवळा तिखट लागला तरी पाणी मागितलं नाहीस. मी बघत होतो.

मग बांधावर बसून विचारलंस, "रघु, हे कार्डाचं सगळं मी लिहिलं तर चालेल का? नावं नाही घालणार." फागू दोन वावरं पलीकडे होता, पाठमोरा. त्याला बोलवावं असं मनात आलं. खोटं नाही सांगत, आलं. पण तुझ्या गालाला चिखल लागला होता आणि तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणालो, "लिही. पाहिजे ते लिही. तुला मी नाही म्हणणार आहे का?" तू हसलीस.

दिवाळीला ये. आईला मी काही बोललो नाही, पण तिने नवीन घोंगडी काढून ठेवली आहे.

तुझाच
रघु


सूर्यमाळ
१४ डिसेंबर २०२४

हर्षाली मॅडम,

दिवाळी झाली. तुझं पत्र आलं नाही. तीन पाठवली मी. मंगळू आता पत्राचं नाव काढत नाही, लांबूनच हात हलवतो.

सोमवारची गोष्ट सांगतो. तुला बारीकसारीक लागतं ना, घे.

मी आणि फागू दोघं गेटवर होतो. फागूची पाळी होती, मी त्याची पोर बरी आहे हे सांगायला सकाळच्या जीपने गेलो होतो. गेटवर नवीन मशीन. चेहरा दाखवायचा, मग आत. शेजारी एच.आर.चा साहेब, हातात कागद. त्याने अकरा नंबर वाचले. सत्तेचाळीस पहिला. "ये सब बाजू में." मग नाव विचारत गेला आणि मशीनपुढे उभं करत गेला. अकरांपैकी सात जण त्या दिवशी दुसऱ्याच्या कार्डावर होते. फागू स्वतःच्याच कार्डावर होता. त्याला वाटलं, आपण सुटलो. तो पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, मैं असली है."

साहेब हसला. म्हणाला, "हाँ, और तेरा भाई भी असली है." आणि मग माझ्याकडे न बघता शेजारच्याला म्हणाला, "मॅडम ने बहुत बढ़िया पेपर पढ़ा. पूरा सिस्टम समझाया. हम दो साल से ढूँढ रहे थे, प्रोडक्शन में फरक क्यों आता है."

मॅडम कोण, ते फागूला कळायला अर्धं मिनिट लागलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

अकराच्या अकरा बंद. सुपरवायझरला पण काढलं. काशीमावशीला काढलं, का तर तिला माहीत होतं. काल ती सामान घेऊन परत आली. माझ्या आईला एवढंच म्हणाली, "पोराला ऐकाय शिकवला मी. बोलाय कुणी शिकवला?"

तू नावं घालणार नव्हतीस.

रघु


ठाणे
२० जानेवारी २०२५

रघु,

काय मायना लिहावा कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

मी नावं घातली नाहीत. कुणाचंच नाही, पाड्याचंही नाही, फक्त "श्रमिक ४७" आणि त्याचा भाऊ एवढंच. नोव्हेंबरमध्ये परिषद होती. निबंधाच्या पहिल्या पानावर मी कंपनीचे आभार मानले. रेकॉर्ड ज्यांनी दिलं त्यांचे आभार मानायचे, ही पद्धत आहे, सगळेच मानतात. आणि ते एच.आर.चे साहेब समोरच्या रांगेत बसले होते. मीच आमंत्रण पाठवलं होतं. मला वाटलं होतं, ते ऐकतील आणि म्हणतील, मग असंच करू, कार्ड घरालाच देऊ. मी शेवटच्या पानावर तशी शिफारस केली होती. रघु, मी खरंच तसं समजत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी कार्ड किती आहेत, तालुका कुठला, असं विचारलं आणि मी उत्साहात सांगितलं. माणसांविषयी शिकवणारी मी, समोरचा माणूस काय ऐकतोय ते मला कळलं नाही.

तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण तू शेवटी काय लिहिलं होतंस ते मला कळलं होतं. ते आवणीच्या दिवशीच कळलं होतं. तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, ते मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर चांगलं येत नाही. माझं लग्न ठरलं आहे, सुदर्शन नाव आहे, आमच्याच विभागात शिकवतात. मे महिन्यात.

आणि आता जे लिहिते ते लिहायला मला लाज वाटते आहे. डिसेंबरात माझी कायम जागेवर निवड झाली, पीएच.डी. पुरी करायच्या अटीवर. त्या निबंधामुळेच. पण निवड न झालेल्या एका उमेदवाराने तक्रार केली आहे की सहभागी कामगारांची लेखी संमती घेतलेली नव्हती. खरं आहे, तोंडी होती. समितीने फेब्रुवारीअखेर कागद मागितले आहेत. सोबत अकरा फॉर्म आहेत. प्रत्येक कार्डाचा एक. तारीख ९ जुलै २०२४ घालावी लागेल. नाही दिलेस तरी मी तुला दोष देणार नाही. दिलेस तर चार वर्षांनी पहिल्यांदा मला एप्रिलची भीती वाटणार नाही.

हर्षाली


सूर्यमाळ
९ फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

फॉर्म मिळाले. छान कागद आहे, जाड.

पहिल्यांदा चुलीत घातले होते. वहिनीने ओढून काढले, म्हणाली, "सरकारी हाय का? मग जाळू नको." एका कोपऱ्याला काळं झालंय, त्यासाठी तुझ्या समितीला काय सांगायचं ते तू बघ.

मग ते घेऊन फागूकडे गेलो. डिसेंबरपासून तो माझ्याशी बोलत नव्हता. भट्टीचा हंगाम अर्धा होऊन गेला, तरी एक मुकादम माणसं घेतोय म्हणून तो गोणीत भांडी भरत होता. मी मोठ्याने वाचून दाखवलं. "मला या संशोधनाचा हेतू समजावून सांगण्यात आला असून मी स्वखुशीने माहिती देत आहे." त्याने भांडी भरायची थांबवली नाही. म्हणाला, "मला समजावला होता का?"

मी म्हणालो, नाही.

"तुला?"

हो.

"मंग तू कर सही. माझ्याकडं कशाला आलास?" आणि पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाला, "तिला लई बोलू नको. ती नवखी व्हती. तू नव्हतास."

रात्रभर शिव्या घालायला मी तुझ्यासाठी शब्द जमवले होते. त्याच्या या एका बोलण्याने सगळे माझ्यावरच फिरले. तू विचारलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं तू काय मागतेस. मला माहीत होतं मी काय देतोय. ते कार्ड माझं नव्हतं. बाकीची दहा तर आमच्या घरचीही नव्हती. गालाला चिखल लागलेली पोरगी समोर बसली म्हणून मी अकरा घरांचा शब्द उचलून दिला. दुसऱ्याचं आहे, म्हणून तर एवढं सहज देता आलं.

म्हणून सत्तेचाळीसवर मी सही केली आहे. माझ्या नावाने, रघुच्या. तारीख ९ जुलैचीच घातली. ती खोटी नाही, त्या दिवशी मी हो म्हणालो होतो. बाकीचे दहा कोरे पाठवतोय. मी घरोघर गेलो नाही. त्यांना तेव्हा कुणी विचारलं नाही, तूही नाही, मीही नाही. आता अंगठे गोळा करून तेव्हा विचारलं होतं असं मला करता येणार नाही. एका सहीवर तुझी नोकरी राहते की जाते, मला माहीत नाही. राहावी असं वाटतं की जावी असं वाटतं, ते पण खरंच माहीत नाही. सकाळी एक वाटतं, पाणी भरून आलो की दुसरं.

लग्नाला शुभेच्छा वगैरे लिहिणार नाही. माझ्यात तेवढं मोठेपण नाही, आणि असल्याचं सोंग आणलं तर अक्षर वाकडं येईल.

फागू परवा गेला. एकटाच गेला, पोर पहिलीत आहे, तिची शाळा बुडायला नको म्हणून वहिनी इथेच राहिली. मी पण परवाच्या ट्रकने जातोय, दुसऱ्या भट्टीवर. त्याच्या भट्टीवर नको म्हणाला.

पत्र इथेच संपवणार होतो. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात चैतीवहिनी आली. म्हणाली, "तिला लिवतोस ना? इचार, तिच्या कालेजात झाडाय-पुसाय बाया घेतात का. मी ठाण्याला जाईन. पोर आईकडं ठेवीन." मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, त्या बाईच्या दारात आपण जायचं? तुला लाज नाही? ती शांतपणे म्हणाली, "तुझा राग तुझ्याकडं ठेव भाऊजी. मला पोरीला भाकर द्यायची हाय."

अर्धा तास झाला, ती उंबऱ्यात बसली आहे. उठत नाही.

म्हणून विचारतो. घेतात का?

रघु